माळ्यावरच्या ट्रंकेतला फोटो आणि त्यातली रेसची गाडी

कोकणातल्या जुन्या घरांत रेसच्या गाड्यांचे फोटो निघतात, यात नवल काही नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली, मुंबईच्या गॅरेजांत फिटर आणि ड्रायव्हर म्हणून राहिली, आणि कोकणी मुसलमानांची कुटुंबं थेट केपटाउनला जाऊन वसली. बंदराला बोट लागली, शहरात रेस असली, की ती बघून एखादा फोटो काढला किंवा विकत घेतला जायचा. तो फोटो घरी येऊन ट्रंकेत पडतो. मागे लिहिलेलं असतं ते ‘आफ्रिका’ किंवा ‘साहेबाची गाडी’, फार तर एखादं साल. अशा फोटोतली गाडी बहुतेक वेळा ओळखता येते. त्यासाठी घाई टाळावी लागते आणि एका क्रमाने जावं लागतं.

सुरुवातीलाच प्रश्नाचे तीन तुकडे करावेत. गाडी कोणत्या कंपनीची आणि कोणत्या मॉडेलची? त्या मॉडेलच्या जितक्या गाड्या बनल्या त्यांतली ही नेमकी कोणती? आणि फोटो कुठला, कधीचा? पहिल्याचं उत्तर गाडीच्या लोखंडात असतं. तिसऱ्याचं उत्तर गाडीच्या आजूबाजूला आणि फोटोच्या कागदात असतं. दुसऱ्याचं उत्तर नुसत्या फोटोत क्वचितच असतं, त्याला रेसची कागदपत्रं लागतात. हे तिन्ही एकत्र गुंडाळले की माणूस नंबर बघून मॉडेल ठरवतो आणि मॉडेलवरून साल ठरवतो, आणि पुढचं सगळंच चुकत जातं.

आणखी एक नियम शेवटपर्यंत पाळावा. जे एका दुपारीत बदलता येतं, म्हणजे नंबर, रंग, काच, आरसा, चाकंसुद्धा, त्यावर शेवटी विसंबावं. जे बदलायला गाडी पूर्ण उघडावी लागते, म्हणजे इंजिनाची जागा, पुढचा ॲक्सल, कमानपाटे कुठे आणि कसे बसवलेत, दोन चाकांतलं अंतर, त्यापासून सुरुवात करावी.

फोटो हातात घेण्याआधी

पावसाळ्यात ट्रंक उघडू नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून चिकट होतो. त्यावर बोट टेकलं तर ठसा कायमचा राहतो, आणि दोन फोटो एकमेकांवर असले तर ते चिकटतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. उन्हात मात्र ‘वाळवायला’ ठेवू नये, कागद गोल वळतो आणि थराला भेगा जातात. फोटो काठांना धरून उचलावा. बुरशीचे डाग दिसले तर ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरावा, कारण बुरशीने खाल्लेला थर पाण्यात विरघळून निघून येतो. पूर्ण कोरडा झाल्यावर मऊ ब्रशने, घराबाहेर आणि नाकाला फडकं बांधून, वरवरची धूळ तेवढी झटकावी.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल, आणि किनारपट्टीवर तो हमखास चिकटलेला असतो, तर सोडवू नये. काचेसकटच फोटो काढावा. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत उजेड सोडावा आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरावं, म्हणजे काचेत प्रतिबिंब उमटत नाही. डांबराच्या गोळ्या, सेलोटेप आणि लॅमिनेशन फोटोच्या जवळ आणू नयेत.

स्कॅन कसा करायचा हे आकडे देऊनच सांगायला हवं, कारण अर्ध्या ओळखी इथेच फसतात. बॉक्स कॅमेऱ्याचा प्रिंट साधारण ६ बाय ९ सेंटिमीटरचा असतो आणि त्यात गाडीचं चाक जेमतेम ८ मिलिमीटर उंच येतं. ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचात ३०० ठिपके धरले तर, हे चाक सुमारे ९५ पिक्सेलचं होतं, तारा आणि नट यांचा नुसता राखाडी गोळा दिसतो. १२०० डीपीआयला तेच चाक ३७८ पिक्सेलचं होतं आणि तारांची जाळी, ब्रेकच्या ड्रमची कड, मधला नट वेगवेगळे दिसू लागतात. त्याच्या वर गेलं तर प्रिंटमधून कागदाचे तंतूच वाढतात. निगेटिव्ह मिळाली तर ३२०० डीपीआय ठेवावं. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्ये, १६ बिटवर, टिफ फाइल करावी. पिवळे डाग आणि शाईचे शेरे रंगामुळे वेगळे काढता येतात. मागची बाजूही त्याच दर्जाने स्कॅन करावी.

मोबाइलने काढायचं असेल तर फोटो पडवीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात सपाट ठेवावा, मोबाइल त्याला समांतर धरावा, आणि फोटो ‘सुधारणारी’ सगळी सोय बंद करावी. हे कळकळीने सांगतो आहोत. चेहरे आणि अक्षरं स्पष्ट करून देणारी ॲप पुसट जागी काय असावं याचा अंदाज करून ते रंगवतात. ३ चा ८ होतो, तारांच्या चाकाला भरीव आरे येतात, रेडिएटरवर कधीच नसलेलं चिन्ह उमटतं. अशी प्रत एकदा नातेवाइकांत फिरली की मूळ फोटो कोणी बघतच नाही. उजेड-अंधार कमीजास्त करावा, एवढीच सुधारणा पुरे.

कागद काय सांगतो

पाठीवर तिरप्या ओळीत ‘वेलॉक्स’ असं छापलेलं असेल तर तो कोडॅकचा कागद. करवतीसारख्या कडा १९३० ते १९५० च्या दशकांतल्या घरगुती प्रिंटना फार असायच्या. हाताला प्लास्टिकसारखा लागणारा कागद असेल तर प्रिंट १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा. यातून प्रिंटचं वय कळतं, फोटोचं कळतंच असं नाही. १९३७ च्या निगेटिव्हवरून १९७५ साली काढलेला प्रिंट घराघरात सापडतो. उलटं मात्र होत नाही. प्रिंट १९४० चा असेल तर त्यात १९५० ची गाडी असू शकत नाही.

पाठीवर पेन्सिलने लिहून पुसलेलं असेल तर खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर सोडावा. दाबाच्या रेषा सावलीने उठून दिसतात. स्टुडिओचा शिक्का असेल तर शहर मिळतं, आणि शहर मिळणं म्हणजे अर्धं काम झालं.

यानंतर फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघावं. निगेटिव्ह उलट बाजूने ठेवून प्रिंट काढणं ही सर्रास होणारी चूक होती. पाट्यांवरची अक्षरं आणि माणसांच्या कोटाची बटणं बघावीत. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर असते. ‘स्टीअरिंग उजवीकडे आहे म्हणजे फोटो सुलटा’ असं धरू नये, आणि ‘उजवीकडे आहे म्हणजे गाडी इंग्लंडची’ असंही धरू नये. फ्रान्स आणि इटलीच्या रेसच्या गाड्यांनाही कित्येक वर्षं उजवीकडेच स्टीअरिंग असे.

गाडी वाचायची ती पुढून मागे

पहिला प्रश्न इंजिन कुठे आहे हा. ड्रायव्हर गाडीच्या मध्याच्या मागे, लांब बॉनेटच्या टोकाशी बसला असेल तर इंजिन पुढे. तो जवळजवळ पुढच्या चाकांपाशी बसला असेल आणि त्याच्या पाठीमागे लांब शेपूट असेल तर इंजिन मागे. महायुद्धाआधी मागे इंजिन असलेली मोठी ग्रां प्री गाडी म्हटली की आधी जर्मनीची ऑटो युनियन डोळ्यांसमोर आणावी. युद्धानंतर हीच रचना छोट्या कूपर ५०० मध्ये आली. मोटरसायकलचं जॅप किंवा नॉर्टन इंजिन पाठीमागे, चाकांकडे जाणारी चेन, आणि पुढे-मागे आडवा कमानपाटा. पुढे कूपरनेच ड्रायव्हर जॅक ब्रॅबमला १९५९ साली जागतिक विजेतेपद मिळवून दिलं आणि दोन-तीन वर्षांत ग्रां प्रीमधून पुढच्या इंजिनाच्या गाड्या नाहीशा झाल्या. त्यामुळे मागे इंजिन असलेली, सिगारसारखी, पंख (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारी आडवी फळी) नसलेली गाडी दिसली तर १९५० चं दशक उत्तरार्धाकडे झुकल्यापासून १९६८ पर्यंतचा काळ धरून चालावं. ती अगदीच लहान असेल तर थोडा आधीचाही.

दुसरी नजर पुढच्या ब्रेकवर. पुढच्या चाकांच्या आत ड्रम दिसत नसेल तर गाडी बहुधा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची. १९१४ च्या फ्रेंच ग्रां प्रीत काही गाड्यांना चारही चाकांवर ब्रेक होते, म्हणून ड्रम दिसला तर मात्र एवढ्यावरून ती नंतरची ठरत नाही.

नंतर ॲक्सल. आडवी सलग कांब एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत जाते का, की प्रत्येक चाक वेगळं हलतं? ब्रिटिश ईआरए गाडीत हा फरक निर्णायक आहे. ए आणि बी प्रकारांना सलग ॲक्सल आणि लांबीच्या दिशेने अर्धे कमानपाटे असतात, सी प्रकाराला टॉर्शन बारवरचं (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या कांबेवरचं) स्वतंत्र सस्पेन्शन. बॉडी जवळपास सारखीच दिसते, पण पुढून काढलेल्या फोटोत ॲक्सलची कांब आहे की नाही एवढं बघितलं की काम होतं. अल्फा रोमिओच्या टाइप बी ऊर्फ पी ३ चंही तसंच. १९३२ ची गाडी अरुंद, सलग ॲक्सलची. १९३४ पासून, गाडीचं वजन ७५० किलोपर्यंतच हवं या नियमात, ड्रायव्हरपाशी बॉडी किमान ८५ सेंटिमीटर रुंद हवी असं ठरलं, म्हणून तीच गाडी फुगीर झाली. १९३५ मध्ये तिला पुढे ड्युबोने पद्धतीचं स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. एकाच मॉडेलच्या तीन अवस्था, आणि प्रत्येकीवर साल लिहिल्यासारखं दिसतं.

आता बुगाटीकडे थोडं थांबून बघू. जगभर सर्वांत जास्त चुकीच्या ओळखी हिच्याच होतात. टाइप ३५ पहिल्यांदा ऑगस्ट १९२४ मध्ये लियॉंच्या ग्रां प्रीत धावली. घोड्याच्या नालेसारखा रेडिएटर, निमुळती शेपटी, आणि ओतीव ॲल्युमिनियमची आठ चपट्या आऱ्यांची चाकं. पुढचा ॲक्सल पोकळ असतो आणि कमानपाटे त्याच्या आरपार, भोकातून जातात. हे तपशील छोट्या प्रिंटमध्येही दिसतात. पण याच सांगाड्याची चार सिलिंडरची टाइप ३७ आणि स्वस्तातली टाइप ३५ ए या दोन्ही तारांच्या चाकांवर निघाल्या. मालकांनी नंतर हौसेने त्यांना आठ आऱ्यांची चाकं बसवली. म्हणून ‘आठ आरे म्हणजे ३५’ हे खरं नाही. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या ३५ सी आणि ३५ बी यांच्या बॉनेटच्या बाजूला दाब सोडणाऱ्या झडपेचं गोल भोक असतं. १९३१ ची टाइप ५१ दिसायला ३५ बी सारखीच, पण तिचं हे भोक बॉनेटवर बरंच खाली असतं आणि शेपटीवर पेट्रोलच्या टाकीची एकाऐवजी दोन झाकणं असतात. मागून काढलेला फोटो असेल तर झाकणं मोजावीत, बाजूचा असेल तर भोकाची उंची बघावी.

एक्झॉस्टचे तुकडे बॉनेटमधून बाहेर येत असतील तर मोजावेत. सिलिंडरची संख्या तिथेच कळते, मात्र दोन सिलिंडरना मिळून एक तोटी असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी. चाकाच्या मध्यभागी दोन पंखांचा मोठा नट हातोडीने ठोकून बसवलेला असतो. तो जवळजवळ सगळ्याच रेसच्या गाड्यांना होता, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

बॉनेटवरच्या हवेच्या चिरा मात्र जरूर मोजाव्यात. त्या हाताने, पत्रा ठोकून काढलेल्या असत आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत त्यांची संख्या, ओळी आणि अंतर वेगळं असे. रिवेटच्या रांगा, पट्ट्यांच्या बकला, टाकीच्या झाकणाची जागा, एखादा पोचा, यांवरूनच सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या वेगळ्या करता येतात. पण बॉनेट एका गाडीचं दुसरीला बसवलं जातं, म्हणून ही खूण त्याच मोसमातल्या दुसऱ्या फोटोशी जुळली तरच जमेस धरावी.

गाडी युद्धानंतरची असेल तर नियमांच्या तारखा उपयोगी पडतात. १९५२ पासून फॉर्म्युला वनमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं. पंख १९६८ च्या मोसमात आले आणि खांबांवरचे उंच पंख मे १९६९ मध्ये मोनॅको ग्रां प्रीच्या वेळी बंद झाले, म्हणजे उंच पंखाची फॉर्म्युला वन गाडी दिसली तर काळ जेमतेम वर्षभराचा उरतो. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट ग्रां प्रीत १९६८ साली डॅन गर्नीने आणलं. सिगारेट कंपन्यांचे रंगही १९६८ पासूनचेच. ड्रायव्हरच्या डोक्यावरची उंच हवापेटी १९७६ च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून बंद झाली, आणि सहा चाकांची टिरेल १९७६ व १९७७ अशी दोनच वर्षं धावली. या तारखा फॉर्म्युला वनच्या आहेत. स्थानिक रेसमध्ये जुनी गाडी जुन्याच रूपात आणखी दहा वर्षं पळत असते.

चाकाने गाडी मोजायची

डोळ्यांना गाडी लांब किंवा आखूड ‘वाटते’, त्यावर भरवसा ठेवू नये. चाकाचा व्यास हाच मोजपट्टी धरावा. बाजूने काढलेल्या फोटोत पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यावं, टायरच्या उंचीने भागावं. टाइप ३५ चा व्हीलबेस २.४ मीटर आणि मूळ टायर ७१० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे उत्तर सुमारे ३.४ येतं. साडेचार लिटरच्या बेंटलीचा व्हीलबेस ३.३ मीटर आणि टायर मोठे, तिथे उत्तर ४ च्या आसपास जातं. ३.४ आणि ४ यांत गोंधळ होण्याचं कारण नाही.

फोटो तिरपा असेल तरी मार्ग आहे. तिरप्या फोटोत चाक लंबगोल दिसतं, त्याची उंची तशीच राहते, रुंदी कमी होते. समजा स्क्रीनवर मागचं चाक ४० मिलिमीटर उंच आणि ३२ रुंद आहे. ३२ भागिले ४० म्हणजे ०.८. दोन चाकांतलं अंतर १०८ मिलिमीटर दिसतंय, त्याला ०.८ ने भागलं की १३५. आता १३५ भागिले ४० म्हणजे ३.३८. जवळचं चाक मोठं आणि लांबचं लहान दिसतं, म्हणून उंची दोन्ही चाकांची सरासरी घेऊन धरावी. रुंदी मागच्याच चाकाची घ्यावी, कारण पुढचं वळलेलं असू शकतं. एवढं करूनही पाच-सात टक्क्यांची चूक राहते. दोन मॉडेलांत फरकच तेवढा असेल तर या मोजमापावर निकाल देऊ नये.

वेगात धावणाऱ्या गाडीची चाकं पुढे कललेल्या अंड्यासारखी दिसत असतील तर मोजूच नये. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांत पडद्याची फट फिल्मवरून सरकत जाई आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असे. अशा फोटोत मापं खोटी ठरतात, मोजदाद मात्र खरी असते. चिरा, तोट्या, आरे मोजायला हरकत नाही.

काळी गाडी काळी नसते

कृष्णधवल फोटोतून रंग सांगण्याचा धीर फार जणांना होतो आणि बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल गाडी जवळजवळ काळी उमटे आणि निळी गाडी फिकट, कधी पांढरटसुद्धा. कोडॅकची घराघरांत चालणारी व्हेरिक्रोम फिल्म या जातीची होती आणि तिच्या जागी व्हेरिक्रोम पॅन १९५६ साली आली. म्हणजे हौशी माणसाच्या १९५० च्या फोटोतही ही अडचण असू शकते.

त्या काळी देशाप्रमाणे रंग ठरलेले होते. इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, बेल्जियम पिवळा, जर्मनी आधी पांढरा आणि मग चांदीचा. तेव्हा काळी दिसणारी अल्फा बहुधा लाल आणि फिकट दिसणारी बुगाटी बहुधा निळी. ‘बहुधा’ हा शब्द काढू नये, कारण खाजगी मालक मन मानेल तो रंग देत. सयामचे राजपुत्र बिरा यांच्या ‘रोम्युलस’ या ईआरएचा, म्हणजे आर२बी या गाडीचा निळा रंग आणि पिवळी चाकं प्रसिद्ध आहेत, आणि गाडी तर ब्रिटिश. फिल्म कोणती होती हे ताडायला फोटोतल्याच ओळखीच्या वस्तू बघाव्यात. आकाश अगदी पांढरंफटक आणि माणसांचे ओठ काळे असतील तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असण्याचा संभव जास्त.

नंबर आणि जागा

गाडीवरचा नंबर हा रेसचा असतो, गाडीचा नसतो. पुढच्या रविवारी तो बदलतो. पण रेस आणि साल कळलं तर प्रवेशयादीशी ताडून त्यावरून ड्रायव्हर मिळतो, आणि ड्रायव्हरवरून कधीकधी नेमकी गाडी. काही नंबर आपली कथा आपणच सांगतात. इटलीच्या मिले मिल्यात स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवर १९५५ साली ७२२ होता, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. गाडीवर तीन आकडी नंबर आणि मागे गावातला रस्ता दिसला तर लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या रेसचा विचार आधी करावा.

आपल्या घरांतल्या फोटोंसाठी दक्षिण आफ्रिका जास्त कामाची. ईस्ट लंडन या बंदराच्या गावात प्रिन्स जॉर्ज सर्किटवर डिसेंबर १९३४ मध्ये पहिली मोठी रेस झाली, ती व्हिटनी स्ट्रेटने मासेरातीवर जिंकली. १९३६ ची मारियो मासाकुराती याने बुगाटी ३५ बी वर, १९३७ ची पॅट फेअरफील्डने ईआरएवर. या रेस हँडिकॅपच्या होत्या, लहान गाड्या आधी सुटत, म्हणून एकाच फोटोत छोटी रायली आणि मोठी ग्रां प्री गाडी दिसली तर बुचकळ्यात पडू नये. जानेवारी १९३७ मध्येच केपटाउनला पोल्समूर इथे ग्रोव्हनर ग्रां प्री झाली आणि तिथे जर्मनांनी सोळा सिलिंडरच्या ऑटो युनियन आणल्या. अर्न्स्ट फॉन डेलियस जिंकला, बर्न्ड रोझमायर दुसरा आला. केपटाउनच्या शिक्क्याच्या फोटोत, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या झाकणावर आखूड तोट्यांच्या आठ-आठच्या दोन ओळी दिसल्या, तर मॉडेल, गाव आणि महिना एकदम हाती येतो. राहतो तो प्रश्न दोघांतली गाडी कोणाची, आणि तो नंबर सोडवतो.

रेसच्या नसून रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीचा फोटो असेल तर नंबरप्लेट वाचावी. ‘एमएच’ ने सुरू होणारी पाटी असेल, मग ती रत्नागिरीची ०८ असो की सिंधुदुर्गाची ०७, तर गाडी कितीही जुनी असली तरी फोटो १९८९ च्या आधीचा नाही. पुढे हेही लक्षात ठेवावं की रंगीत, ताज्या फोटोतली चकचकीत टाइप ३५ अर्जेंटिनात नव्याने बनवलेली असू शकते. तिथे आजही हुबेहूब नमुने तयार होतात.

फोटो भारतातला असेल तर वेगळा विचार लागतो. मद्रासजवळचं शोलावरम आणि कलकत्त्याजवळचं बराकपूर या युद्धकाळातल्या धावपट्ट्यांवर रेस होत. रुंद, सपाट काँक्रीट, कडेला पिंपं किंवा गवताच्या पेंढ्या, आणि लांबवर क्षितिजापर्यंत काही नाही, अशी पार्श्वभूमी असेल तर धावपट्टी समजावी. तिथल्या पुष्कळ गाड्या कोणत्याच कंपनीच्या यादीत सापडणार नाहीत, कारण त्या आपल्या मेकॅनिकांनी फियाट ११०० किंवा स्टँडर्ड हेरल्डच्या भागांवर स्वतः बांधलेल्या होत्या. त्यांना इंग्लंड-इटलीतल्या मॉडेलांत कोंबू नये. चाकाच्या बोल्टची संख्या, ड्रम, पुढचं सस्पेन्शन यांवरून मूळ गाडी ओळखावी आणि ‘फियाट ११०० वर बांधलेली स्पेशल’ एवढं लिहावं. ती पूर्ण आणि सन्मानाची ओळख आहे. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर घडवलेली फॉर्म्युला मारुती हे याच परंपरेचं पुढचं रूप.

घरच्यांना विचारावं, पण नीट

गणपतीत चाकरमानी गावी येतात आणि सगळी पिढी एका पडवीत असते, तेव्हा विचारणं सोपं जातं. मूळ फोटो तेव्हा बाहेर काढू नये, एक तर पाऊस असतो. मोठा करून छापलेली प्रत दाखवावी. ‘ही बुगाटी ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं आणि ते निरुपयोगी असतं. कोण कोणत्या बोटीवर होतं, कोणत्या साली परत आलं, मुंबईत कोणत्या गॅरेजात कामाला होतं, तेव्हाचा साहेब कोण, हे विचारावं. खलाशाचं जुनं नोकरीचं पुस्तक, म्हणजे नली, घरात असेल तर त्यात बोटीचं नाव आणि तारखा मिळतात. त्या तारखा रेसच्या तारखेशी जुळल्या तर तो भक्कम पुरावा. फोटोत गाडीत बसलेला माणूस ड्रायव्हरच असेल असं धरू नये. गॅरेजातला मुलगा, पाहुणा, फोटोग्राफरचा मित्र, कोणीही बसवलेला असतो. नंबरही आदल्या रेसचा तसाच राहिलेला असतो.

लिहून ठेवताना तीन रकाने करावेत. काय दिसतं, त्यावरून काय ठरतं, आणि ते कशाशी ताडलं. प्रत्येक निष्कर्षापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’ यांपैकी एक शब्द घालावा. आपण ठरवलेल्या मॉडेलच्या विरुद्ध जाणारी खूण मुद्दाम शोधावी, आणि एकच पक्की विरोधी खूण सापडली, तरी जुळणाऱ्या दहा खुणा बाजूला ठेवून परत पहिल्यापासून बघावं. उदाहरणार्थ: ‘बुगाटी, टाइप ३५ च्या सांगाड्याची: निश्चित, ॲक्सल आणि रेडिएटरवरून. सुपरचार्जरची: निश्चित, भोकावरून. ३५ बी: बहुधा, भोक वर आहे पण शेपटी दिसत नाही आणि ३५ सी वेगळी काढता येत नाही. ईस्ट लंडन: शक्य, शिक्का आहे, नंबर ताडलेला नाही.’

एवढं झालं की बाहेर विचारायला जावं. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. जुन्या वर्तमानपत्रांसाठी एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. बुगाटीसाठी इंग्लंडमध्ये प्रेस्कॉटला बुगाटी ट्रस्ट आहे, तिथे कारखान्याचे नकाशे आणि फोटो जपलेले आहेत. इतर ब्रिटिश गाड्यांसाठी ब्यूलीचं राष्ट्रीय मोटर संग्रहालय. पत्रात पूर्ण फोटोचा स्कॅन, पाठीचा स्कॅन, प्रिंटची मापं मिलिमीटरमध्ये आणि वरची तीन रकान्यांची नोंद पाठवावी. चाक, पुढचा ॲक्सल आणि बॉनेटची बाजू यांचे मोठे केलेले तुकडे वेगळे जोडावेत. मूळ फोटो पोस्टाने पाठवू नये. विचारायचा प्रश्न एकच असावा, आणि तो आपल्या नोंदीत ‘बहुधा’वर अडलेला असावा. उत्तर आलं की ते पाठवणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेसह त्याच कागदावर उतरवून घ्यावं. तो कागद आम्लविरहित पाकिटात, फोटोच्या शेजारी पण फोटोला न चिकटवता, घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत, भिंतीपासून दूर कपाटात ठेवावा. माळ्यावर परत टाकू नये, कौलांतून पहिला पाऊस तिथेच गळतो.